ड्रायव्हर क्रॅश होतो तेव्हा दोष कुठे शोधावा

माझा गेमिंग कॉम्प्युटर सलग सात आठवडे एकाच रीतीने बिघडत होता. खेळता खेळता चित्र जागच्या जागी थिजायचे, आवाजाचा शेवटचा तुकडा घर्रघर्र करत पुन्हा पुन्हा वाजत राहायचा, मग स्क्रीन दोन-तीन सेकंद पूर्ण काळी व्हायची आणि डेस्कटॉप परत यायचा. गेम मात्र बंद झालेला असायचा. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला की प्रत्येक वेळी तीच नोंद दिसायची: क्रमांक ४१०१, डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि तो यशस्वीरीत्या पूर्ववत झाला. ही ओळ वाचल्यावर बहुतेक जण जे करतात तेच मीही केले, म्हणजे ड्रायव्हर, अर्थात स्क्रीनवरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम, बदलला. तो बदलूनही क्रॅश थांबेना, म्हणून पुन्हा बदलला. सात आठवड्यांत मी ड्रायव्हरच्या सहा आवृत्त्या घातल्या आणि काढल्या, एकदा विंडोजसुद्धा नव्याने टाकले, आणि अखेरीस जो दोष सापडला त्याचा ड्रायव्हरशी काहीही संबंध नव्हता.

त्या शोधात जे शिकायला मिळाले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण हा त्रास ज्यांना होतो त्यांच्यापैकी पुष्कळ जण त्या एका ओळीवर विश्वास ठेवून चुकीच्या ठिकाणी आठवडे घालवतात.

आधी ती ओळ कोण लिहिते आणि कशावरून लिहिते हे समजून घ्यायला हवे. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये एक राखणदार बसवला आहे, त्याला ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’ किंवा थोडक्यात टीडीआर म्हणतात. ग्राफिक्स कार्डाला दिलेले एखादे काम लांबले, की विंडोज कार्डाला ते काम सोडून द्यायला सांगते आणि उत्तराची वाट पाहते. ही वाट पाहण्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये फक्त २ सेकंदांची असते. तेवढ्यात कार्डाने काम संपवले नाही किंवा सोडलेही नाही, तर ते अडकले आहे असे धरून विंडोज कार्ड आणि ड्रायव्हर दोघांनाही नव्याने सुरू करते. स्क्रीन काळी पडते ती याच क्षणी. एक्सपीच्या काळात अशा वेळी थेट निळा पडदा येऊन सगळे काम वाया जायचे, त्यामुळे ही सोय निःसंशय उपकारक आहे. पण नोंदीत जे लिहिले जाते ते एवढेच, की ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही. उत्तर का आले नाही हे विंडोजला ठाऊक नसते. कार्डाला वीज कमी पडली असेल, कार्डाच्या मेमरीत चूक झाली असेल, मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यामधला रस्ता तुटला असेल किंवा ड्रायव्हरमध्ये खरोखरच दोष असेल, या चारही प्रसंगी नोंद जवळजवळ एकसारखीच उमटते. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये तिथे ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ हे नाव दिसते आणि एएमडीच्या कार्डांमध्ये ‘एएमडीकेएमडीएजी’. ही दोन्ही ड्रायव्हरच्या फाइलींची नावे आहेत, आणि केवळ नाव दिसले म्हणून त्या फाइलीला दोषी ठरवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

याच राखणदाराच्या आणखी दोन मर्यादा माहीत असाव्यात. एका मिनिटाच्या आत पाचाहून अधिक वेळा असे घडले, तर विंडोज पुन्हा सावरण्याचा प्रयत्न सोडून देते आणि निळा पडदा दाखवते. कार्ड नव्याने सुरू करण्याचा प्रयत्नच फसला, तरीही निळा पडदा येतो आणि त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असे शब्द असतात. त्या चुकीचा क्रमांक ११६. ज्यांना हा पडदा दिसतो त्यांनी तो साध्या काळ्या स्क्रीनपेक्षा गंभीर मानावा, कारण त्यात कार्ड हाक मारूनही परत आलेले नसते.

इंटरनेटवर या २ सेकंदांच्या मुदतीबद्दल एक उपाय फार पसरलेला आहे, तो म्हणजे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, ‘टीडीआरडिले’ नावाचे सेटिंग घालून मुदत ८ किंवा १० सेकंद करायची. मी तोही करून पाहिला. परिणाम एवढाच झाला, की आधी २ सेकंद थिजणारे चित्र आता १० सेकंद थिजू लागले आणि त्यानंतर तसेच क्रॅश होऊ लागले. मायक्रोसॉफ्टने ही सेटिंगे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या चाचणीसाठी ठेवलेली आहेत. त्रिमितीय रेंडरिंग किंवा मोठी गणिते करताना एखादे काम खरोखरच २ सेकंदांहून जास्त वेळ घेते, तिथे मुदत वाढवण्याला अर्थ आहे. सेकंदाला साठ चित्रे काढणाऱ्या गेममध्ये कुठलेही काम २ सेकंद चालणे अपेक्षितच नसते, म्हणून तिथे हा उपाय मला निरुपयोगी वाटतो.

आता ड्रायव्हरविषयी. दोष ड्रायव्हरचा नसण्याची शक्यता मोठी असली, तरी सुरुवात ड्रायव्हरपासूनच करणे योग्य आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि कॅबिनेट उघडावे लागत नाही. फक्त ते एकदाच आणि नीट करावे. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवावा, इंटरनेट बंद करावे, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा आणि मग नवा घालावा. इंटरनेट बंद करण्याची पायरी अनेक जण गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो: जुना ड्रायव्हर गेला आहे हे दिसताच विंडोज अपडेट स्वतःजवळची आवृत्ती गुपचूप घालून मोकळे होते आणि त्यावर आपण दुसरी घालतो. आवृत्ती निवडताना सर्वांत नवी घेण्याचा मोह होतो, पण ज्या महिन्यात सगळे सुरळीत चालत होते त्या महिन्यातली घ्यावी असे माझे मत आहे, कारण जुन्या आवृत्तीवरही क्रॅश होत असेल तर ड्रायव्हरवरचा संशय जवळजवळ संपतो आणि नजर पुढे नेता येते. ही साधी गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात केली होती, तिचे उत्तरही मला मिळाले होते, पण त्या उत्तराचा अर्थ मी लावला नाही. त्यानंतरचे पाच ड्रायव्हर म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होता.

पुढची पायरी लक्षणे वेगवेगळी ओळखण्याची आहे आणि माझ्या मते या सगळ्या शोधातली तीच सर्वांत मोलाची. ‘क्रॅश होतो’ या दोन शब्दांत आपण कितीतरी निरनिराळे प्रकार कोंबतो. स्क्रीन काळी पडून डेस्कटॉप परत येतो आणि फक्त गेम बंद होतो, हा एक प्रकार. स्क्रीनवर सिग्नलच येईनासा होतो, कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागतात, पण हेडफोनमध्ये मित्रांचे बोलणे ऐकू येत राहते, हा अगदी निराळा प्रकार आहे. त्यात कॉम्प्युटर जिवंत असतो आणि कार्ड तेवढे बाहेर पडलेले असते. पूर्ण यंत्रच बटण दाबल्यासारखे बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि नोंदीत ‘कर्नल पॉवर ४१’ एवढेच दिसले, तर ड्रायव्हरकडे पाहूच नये, आधी एसएमपीएसकडे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या खोक्याकडे, पाहावे. चौकटीचौकटीचे रंगीत ठिपके, चमकणाऱ्या रेघा किंवा वस्तूंचे लांबलचक ताणलेले त्रिकोण दिसून मग क्रॅश होत असेल, तर कार्डाची मेमरी तपासावी. आणि एकच गेम बंद पडतो, बाकी सगळे तासन् तास चालतात, असे असेल तर त्या गेमच्या फाइली, त्याचे मॉड (इतरांनी बनवलेले फेरफार) आणि शेडर कॅशे (चित्र रंगवण्याच्या सूचनांचा तयार साठा) यांचा विचार करावा. एक सोपी परीक्षा सांगते: स्क्रीन थिजल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबावीत. त्याने विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते. स्क्रीन परत आली, तर कार्ड अजून ऐकते आहे एवढे तरी कळते.

माझा प्रकार पहिला होता, आणि त्याने मला बराच काळ फसवले, कारण ताणाच्या सगळ्या चाचण्यांत कॉम्प्युटर पास होत होता. कार्डावर ताण टाकण्यासाठी एक लोकरी वस्तू सतत काढत राहणारा फरमार्क हा प्रोग्राम अर्धा तास चालवला, काही झाले नाही. ग्राफिक्सच्या बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीच्या, फेऱ्या रात्रभर चालू ठेवल्या, तरी सकाळी फेरी सुरूच होती. तापमान योग्य, पंखे योग्य. आणि गेम उघडला की वीस मिनिटांत काळी स्क्रीन. एवढा भार सहन करणारे कार्ड कमी भाराच्या गेममध्ये का कोसळते, याचे उत्तर मला सुचत नव्हते, आणि म्हणून मी पुन्हा पुन्हा ड्रायव्हरकडे वळत होते.

ही गाठ माझ्या धाकट्या भावामुळे सुटली. त्याला मी शेजारी बसवून वहीत वेळ लिहायला सांगितले होते: क्रॅश किती वाजून किती मिनिटांनी झाला, त्या वेळी गेममध्ये काय चालले होते, तापमान किती होते. तिसऱ्या संध्याकाळी वहीची दोन पाने भरल्यावर तो म्हणाला, “ताई, लढाईत एकदाही बंद पडलेला नाही गं. नवा भाग उघडताना पडतो, नाहीतर जलद प्रवास करताना.” जलद प्रवास म्हणजे गेमच्या नकाशावर एका ठिकाणाहून दूरच्या ठिकाणी एकदम जाणे. मी वही ओढून पाहिली. अकरा नोंदींपैकी नऊ तशाच होत्या. लढाईत कार्डाची सगळी शक्ती वापरली जाते, तापमान सर्वांत जास्त असते आणि वीजही सर्वांत जास्त ओढली जाते, तरी तिथे काहीच होत नव्हते. नवा भाग उघडताना कार्डाचे काम उलट हलके असते. जड असते ती वाहतूक. रॅममधून आणि डिस्कवरून शेकडो मेगाबाइटची चित्रे, पोत आणि आकार मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने कार्डाच्या मेमरीत ओतले जातात. फरमार्कमध्ये ही वाहतूक नगण्य असते, कारण एकदा ती लोकरी वस्तू कार्डात गेली की पुढचे सगळे काम कार्डाच्या आतच चालते. म्हणजे मी रात्रभर जे तपासत होते ते शाबूतच होते आणि जे बिघडले होते त्याला माझ्या चाचण्या स्पर्शही करत नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी इव्हेंट व्ह्यूअर पुन्हा उघडला आणि इतके दिवस केलेली चूक लक्षात आली. मी नेहमी ‘डिस्प्ले’ या स्रोताच्या नोंदी गाळून पाहत होते, त्यामुळे मला ४१०१ सोडून दुसरे काही दिसणे शक्यच नव्हते. गाळणी काढून क्रॅशच्या आधीची पाच मिनिटे वरून खाली वाचली. तिथे हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या ‘व्हिया लॉगर’ या स्रोताच्या पिवळ्या खुणेच्या नोंदींची रांग होती, क्रमांक १७, एकाखाली एक: हार्डवेअरची चूक झाली आणि ती दुरुस्त केली गेली, घटक, पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट. क्रॅश ९ वाजून ४२ मिनिटांनी, आणि ९ वाजून ४१ मिनिटांच्या त्या एका मिनिटात अशा तीस-चाळीस नोंदी. आदल्या दिवशीच्या क्रॅशच्या आधीही तशीच रांग. त्याच्या आदल्या दिवशीही. सात आठवडे यंत्र आपल्या भाषेत नेमके दुखणे सांगत होते आणि मी ते गाळून टाकत होते.

‘दुरुस्त केली गेली’ हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. पीसीआय एक्सप्रेस मार्गावर पाठवलेले प्रत्येक पुडके पलीकडे तपासले जाते आणि बिघडलेले आढळले तर ते पुन्हा मागवले जाते. एखाद-दुसरी अशी चूक दिसणे म्हणजे संकट नव्हे. पण क्रॅशच्या आधी त्यांची गर्दी होत असेल, तर तो रस्ता खराब आहे आणि आज दुरुस्त होणारी चूक उद्या दुरुस्त होणार नाही. लिनक्सवर एनव्हिडियाचे कार्ड वापरणाऱ्यांना याचे टोकाचे रूप ‘एक्सआयडी ७९’ या नोंदीत दिसते. तिचा अर्थ कार्ड मार्गावरून गळून पडले, म्हणजे ड्रायव्हर त्याच्याशी बोलूच शकत नाही, असा असतो.

माझ्या कॅबिनेटमध्ये कार्ड उभे बसवलेले होते, काचेतून दिसावे म्हणून. उभे बसवलेले कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये जात नाही. मध्ये एक रुंद, चपटी रायझर केबल असते. ती केबल मी जुन्या कार्डासोबत घेतली होती आणि तीन वर्षे तिने काहीही तक्रार केली नव्हती. जुने कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचे होते, तर नवे चौथ्या पिढीचे. तिसऱ्या पिढीत या रस्त्याच्या प्रत्येक मार्गिकेवरून (लेनवरून) सेकंदाला ८ अब्ज संकेत जातात, चौथ्या पिढीत १६ अब्ज. केबल मात्र निव्वळ तारांची असते. तिला स्वतःची मर्यादा सांगता येत नाही. कार्ड आणि मदरबोर्ड सुरू होताना एकमेकांशी बोलून वेग ठरवतात, दोघेही चौथ्या पिढीचे असल्यामुळे चौथ्या पिढीचा वेग ठरतो, आणि तिसऱ्या पिढीसाठी बनवलेल्या केबलमधून दुप्पट वेगाने माहिती धावू लागते. रिकाम्या वेळी काही कळत नाही. वाहतूक वाढली की चुका होऊ लागतात.

याची शहानिशा करायला स्क्रूही काढावा लागला नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेले, ग्राफिक्सच्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’ वरून ‘जेन ३’, म्हणजे तिसरी पिढी, केला, सेव्ह करून बाहेर आले. जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्राममध्ये ‘बस इंटरफेस’ अशी ओळ असते, तिथे वेग दिसतो. फक्त कार्ड रिकामे असताना वीज वाचवण्यासाठी तो वेग आपोआप खाली येतो आणि १.१ असा आकडा दिसून घाबरायला होते, म्हणून त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून कार्डाला थोडे काम द्यावे आणि मग आकडा वाचावा. त्या रात्री मी मुद्दाम चार तास फक्त जलद प्रवास करत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्रॅश झाला नाही. नोंदवहीत १७ क्रमांकाची एकही ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशी बायोस पुन्हा ‘ऑटो’ वर आणले आणि पंधराव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. दोष सापडल्याची खात्री व्हायला तो पुन्हा घडवून आणता यावा लागतो, म्हणून हा उलटा प्रयोगही आवश्यक होता.

शेवटी रायझर काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवले. केबलचे टोक स्लॉटमधून बाहेर काढताना कळले, की स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी नीट बसलेलीच नव्हती आणि टोक एका बाजूने केसभर वर उचललेले होते. केबल जुन्या पिढीची होती हे तर खरेच, पण तिचा मदरबोर्डमधला जोडही पूर्ण नव्हता. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे मी वेगळे काढले नाही. ज्यांना कार्ड उभेच ठेवायचे आहे त्यांनी चौथ्या पिढीसाठी बनवलेली केबल घ्यावी किंवा स्लॉटचा वेग कायमचा तिसऱ्या पिढीवर ठेवावा. सोळा मार्गिकांच्या कार्डावर त्याने गेममध्ये पडणारा फरक बहुधा डोळ्यांना जाणवणारही नाही इतका लहान असतो. ज्या स्वस्त कार्डांना आठ किंवा चारच मार्गिका असतात, त्यांना मात्र तो जाणवू शकतो, विशेषतः कार्डाची मेमरी भरल्यावर.

माझा दोष रस्त्यात निघाला म्हणून प्रत्येकाचा तिथेच निघेल असे नाही, तेव्हा इतर ठिकाणांविषयीही लिहायला हवे.

विजेच्या बाबतीत पहिला प्रश्न केबलींचा. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, आठ पिनांचा एक जोड १५० वॉटचा धरलेला असतो, आणि कार्डाला असे दोन जोड असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबली आणाव्यात. एकाच केबलीच्या टोकाला दोन जोड असतात ते सोयीचे वाटतात, पण मोठ्या कार्डाचा सगळा भार मग एकाच केबलीवर पडतो. दुसरा प्रश्न क्षणिक उसळीचा. आजची मोठी कार्डे काही मायक्रोसेकंदांपुरती आपल्या घोषित वापराच्या कितीतरी वर वीज ओढतात. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतची अशी क्षणिक उसळी झेलली पाहिजे अशी अट घातली गेली, ती याचसाठी. जुना एसएमपीएस सरासरी हिशोबात पुरेसा दिसला तरी या उसळीत कमी पडू शकतो. हे तपासण्याचा बिनखर्चाचा मार्ग म्हणजे कार्डाचा वेग आणि वीज बदलता येणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे विजेची कमाल मर्यादा, ७५ ते ८० टक्क्यांवर आणून दोन दिवस खेळणे. क्रॅश थांबले, तर शोध विजेच्या किंवा खुद्द चिपच्या दिशेने न्यावा.

चिपच्या वेगाचेही तसेच आहे. अनेक कार्डे कारखान्यातूनच मूळ आराखड्यापेक्षा थोडा जास्त वेग लावून येतात. नव्या कार्डाला तो वेग पेलतो, काही वर्षांनी कदाचित पेलत नाही. आफ्टरबर्नरमध्ये वेग ५० ते १०० मेगाहर्ट्झने खाली आणून पाहावे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘हेल्प’ खाली ‘डीबग मोड’ आहे, त्यानेही कार्ड मूळ वेगावर येते. वेग उतरवल्यावर क्रॅश कायमचे थांबले आणि कार्ड वॉरंटीत असेल, तर ते बदलून मागण्यात काहीही गैर नाही.

तापमानावर मी फार लिहीत नाही, कारण आजची कार्डे तापली की आधी स्वतःच वेग कमी करतात आणि क्रॅशपेक्षा गेमचा वेग घसरणे हे लक्षण आधी दिसते. फक्त सरासरी तापमानाबरोबर हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरीचे तापमानही पाहावे, कारण उष्णता वाहून नेणारे पॅड वाळलेल्या जुन्या कार्डात पहिला आकडा सत्तरीत आणि मेमरीचा शंभरीच्या पार असू शकतो.

रॅम आणि प्रोसेसर यांच्यावर मात्र संशय घेतला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त घेतला पाहिजे. ड्रायव्हरही शेवटी प्रोसेसरवर चालणारा आणि रॅममध्ये राहणारा प्रोग्राम आहे. रॅमने त्याच्या हातात चुकीचा आकडा दिला, तर कोसळताना नाव त्याचेच येते. बायोसमधले एक्सएमपी किंवा एक्स्पो हे सेटिंग रॅमला जाहिरातीतल्या वेगावर चालवते, पण तो वेग आपला प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांनाही झेपेलच अशी हमी नसते. ते बंद करून दोन दिवस खेळावे आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. एकही चूक आली तरी ती खरी चूक समजावी.

प्रोसेसरविषयी अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. अन्रिअल इंजिन या गेम बनवण्याच्या साधनावर बनवलेल्या कितीतरी गेममध्ये लोकांना ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश येत होता, आणि तोही भरपूर मेमरी असलेल्या कार्डांवर. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डे बदलली. खरे कारण असे निघाले, की शेडरच्या दाबून ठेवलेल्या फाइली उलगडताना प्रोसेसर चुका करत होता आणि त्या चुकीचे खापर कार्डाच्या मेमरीवर फुटत होते. इंटेलने २०२४ साली हा दोष मान्य केला, त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिले आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते मायक्रोकोड बायोसच्या अपडेटमधून येते, म्हणून ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत आणि ज्यांनी त्यानंतर बायोस अद्ययावत केलेले नाही, त्यांनी ड्रायव्हरला हात लावण्याआधी ते करावे. आधीच झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

या सगळ्या तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचे पथ्य मी उशिरा पाळू लागले. पहिल्या आठवड्यांत मी एकाच रात्री ड्रायव्हर, एक्सएमपी आणि ओव्हरले (गेमच्या वर माहिती दाखवणारी चौकट) असे तीन बदल केले होते, दोन दिवस क्रॅश न झाल्यामुळे हायसे वाटले होते, आणि तिसऱ्या दिवशी तो झाल्यावर कशाने काय झाले याचा काहीच माग उरला नव्हता. ते दोन दिवस केवळ योगायोगाचे होते, कारण त्या दोन्ही दिवशी मी गेमच्या एकाच भागात खेळत होते. वहीत ‘गेममध्ये काय चालले होते’ असा रकाना आधीपासून असता, तर हे तेव्हाच दिसले असते.

कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवून आता दोन महिने झाले आहेत. स्लॉटचा वेग ‘ऑटो’ आहे, जीपीयू-झेडमध्ये चौथी पिढी दिसते, एक्सएमपी चालू आहे आणि टीडीआरची मुदत मी पुन्हा २ सेकंदांवर आणली आहे. मध्यंतरी एक गेम दोनदा बंद पडला, तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला. पण स्क्रीन काळी झाली नव्हती, ४१०१ ची नोंद नव्हती आणि १७ ची तर नव्हतीच. ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर जुनी शेडर कॅशे तशीच राहिली होती, ती पुसल्यावर तो गेम पूर्ववत चालू लागला. रायझर केबल मी टाकून दिलेली नाही. तिसऱ्या पिढीच्या कार्डाला ती अजूनही उपयोगी पडू शकेल, म्हणून तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून ती खोक्यात ठेवली आहे, आणि भावाने त्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘फक्त जेन ३. खिट्टी लागली का ते बघणे.’